पाच गावचे पिझ्झे, एक ओटीजी आणि उद्यमबागचा पत्रा

गेल्या दिवाळीत आमच्या घरात पिझ्झावरनं वाद झाला. भाचा पुण्यासनं आलेला, त्याचं म्हणणं खरा पिझ्झा म्हणजे मऊ आणि मधे पातळ, इटलीसारखा. दादाचं म्हणणं पिझ्झा कुरकुरीत नसला तर मग चपातीला सॉस लावून खा की, एवढा खटाटोप कशाला. आणि आईला दोन्हीतलं काही नको, तिला तिच्या कॉलेजच्या वेळी बेळगावच्या कॅम्पातल्या बेकरीत मिळायचा तो पाहिजे, पावासारखा जाड बेस, वर ढबू मिरची, कांदा, किसलेलं क्यूबवालं चीज आणि टोमॅटो सॉस म्हणजे सरळ बाटलीतला केचप.

मला तेव्हा वाटलं की तिघं तीन वेगळ्या गावचे पिझ्झे सांगालेत, भांडायचं कारणच नाही. मग वर्षभर दर पंधरा दिवसांनी एक स्टाइल करून बघितली, बरेच जळाले, काही कच्चे राहिले, एक तर ओटीजीच्या, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनच्या, जाळीतनं खाली पडला. त्यातनं जे कळलं ते सगळं इथं पायरीपायरीनं लिहितेय, म्हणजे तुमच्याही घरात असा वाद असेल तर एका रविवारी सगळे शेजारी शेजारी ठेवून खाऊन बघता येतील.

आधी मांड्यांचं बघा

बेळगावात लग्नाचे मांडे करताना बघितलंय का? मैद्याचंच पीठ. लाटायचं, मग हातावर घेऊन ओढत ओढत मोठं करायचं आणि पालथ्या तापलेल्या भांड्यावर टाकायचं, क्षणात भाजलं की घडी. आमच्या मावशीला येतात. तिला मी एकदा म्हटलं की घरच्या तव्यावर कर की, तर म्हणाली तव्यावर केलं तर ती पोळी झाली, मांडा कसला. खाली धगधगती चूल आणि वर पालथं भांडं नसेल तर मनातले मांडेच खावे लागतात.

पिझ्झाचं अगदी हेच आहे. लोक स्टाइल म्हटलं की टॉपिंगवरनं बोलतात, पण नेपल्स, रोम, न्यूयॉर्क, डेट्रॉइट, शिकागो ह्या सगळ्यांत खरा फरक भट्टीचा आणि भांड्याचा. कुठली भट्टी किती तापते, पिझ्झा थेट फरशीवर भाजतात की ट्रेमध्ये, त्यावरनं पिठात पाणी किती, तेल घालायचं का, साखर घालायची का, चीज वर की खाली हे सगळं ठरत जातं. हे एकदा कळलं की रेसिपी पाठ करायला लागत नाही.

पायरी १: तुमची भट्टी किती तापते ते खरं खरं शोधा

ओटीजीच्या बटनावर २५० लिहिलंय म्हणून आत २५० आहे असं धरू नका. ओव्हनचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो आत टांगा आणि अर्ध्या तासानं बघा. माझ्या ओटीजीत २५० वर ठेवलं की २२० च्या पुढं जातच नव्हतं, आणि मी सहा महिने पिठाला दोष देत बसलेली. वरची खालची दोन्ही कॉइल चालू आणि दार न उघडता पाऊण तास, असं केलं तेव्हा कुठं २४० दिसलं.

आता हवा २४० झाली तरी बेसला खालनं जोरदार उष्णता लागते, आणि ओटीजीबरोबर येतो तो पातळ ट्रे ती देऊ शकत नाही. पिझ्झा स्टोन ऑनलाइन मिळतो, पण आपल्या गावात त्यापेक्षा चांगली सोय आहे. उद्यमबागेत फाउंड्र्या आणि वर्कशॉप ढिगानं, दादा तिथंच कामाला. त्याला म्हटलं मला ६ एमएम जाडीची एमएस प्लेट, म्हणजे साध्या पोलादाचा पत्रा, कापून आण, ३० बाय ३० सेंटीमीटर. तो म्हणाला, "काय करालीस गं त्या पत्र्याचं, छप्पर घालालीस काय?" आणली मात्र. साधारण सव्वाचार किलो भरते. लोखंड दगडापेक्षा उष्णता पटकन सोडतं, त्यामुळं कमी तापणाऱ्या घरच्या ओव्हनला ते जास्त उपयोगाचं.

प्लेट आणताना तीन गोष्टी बघा. गॅल्व्हनाइज्ड म्हणजे जस्ताचा थर दिलेली अजिबात नको, तापवून त्यावर खायचं असतं. रंग मारलेली नको. आणि कडा ग्राइंडरनं मारून घ्या, नाहीतर हात कापतो. घरी आणली की व्हिनेगरात रात्रभर बुडवून काळा थर घासून काढा, पुसून एकदम कोरडी करा, मग तेलाचा अगदी पातळ हात फिरवून ओव्हनमध्ये तासभर तापवा, असं दोनतीनदा, बिडाचा तवा मुरवतो तसंच. प्लेटच्या चारी बाजूला दोन बोटं जागा सुटली पाहिजे, हवा फिरायला. आणि जाळी वजन पेलते का ते थंड असताना हातानं दाबून बघा, माझा पिझ्झा खाली पडला म्हटलं ना, ते ह्याच्यामुळंच.

पायरी २: मैदा, यीस्ट आणि बेळगावची हवा

इटलीतला "००" नंबरचा मैदा म्हणजे काहीतरी जादू असं बरेचजण समजतात. ते ०० म्हणजे दळण किती बारीक आणि किती शुभ्र, एवढंच. पिठात जोर किती ते प्रोटीनवरनं कळतं. आपल्या मैद्याच्या पाकिटावर मागं बघा, १०० ग्रॅमला १० ते ११ ग्रॅम प्रोटीन असेल तो घ्या. ९ वाला असला की ओढताना फाटतो. जास्त जोर पाहिजे तर अर्ध्या किलोला १० ग्रॅम व्हायटल व्हीट ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रोटीन, मिसळा, बेकरीचं सामान विकणाऱ्यांकडं विचारा, मी यीस्ट आणि हे दोन्ही रविवार पेठेतनं आणते.

परदेशी रेसिपीत ६५ टक्के पाणी लिहिलेलं असलं तर आपल्या मैद्याला ६० नं सुरुवात करा. टक्के म्हणजे मैद्याच्या वजनावर, ५०० ग्रॅमला ६० टक्के म्हणजे ३०० ग्रॅम पाणी. वाटी आणि कपाचा नाद सोडा, वजनकाटा घ्या, त्याच्याशिवाय तुलना कसली.

खपली गहू आपल्या भागात चांगला मिळतो म्हणून मी त्याचं पीठ घालून बघितलं. वास सुंदर येतो, पण त्याचं ग्लूटेन कमजोर, दहावा भाग घाला, त्यापुढं गेलात तर बेस भाकरीच्या कडेसारखा तुटतो.

हवेचं पण ध्यानात ठेवा. एप्रिलात पीठ बाहेर ठेवलं तर दोन तासात डब्याचं झाकण उचलतं, आणि जुलैच्या झडीत तेच पीठ पाच तास ढिम्म. उन्हाळ्यात फ्रीजचं पाणी वापरा, पावसाळ्यात कोमट. रेसिपीतल्या तासांकडं बघू नका, पीठ दुप्पट झालं का ते बघा. इडलीचं पीठ आंबवणाऱ्या घरात हे कुणाला शिकवायला नको खरं तर.

सॉस आणि चीजचं थोडक्यात

आपल्या टोमॅटोत पाणी फार. पिकलेले लालभडक घ्या, किसणीवर किसा, साल हातात राहतं ते टाका, मीठ लावून गाळणीत अर्धा तास ठेवा. खाली पाणी पडतं ते सारात घाला, फुकट घालवू नका. नेपल्सला हा गर कच्चाच लावायचा. न्यूयॉर्क आणि डेट्रॉइटला तेलात लसूण परतून, ओरेगॅनो घालून थोडा आटवायचा. चिली फ्लेक्सच्या पुड्या घेण्यापेक्षा वाळलेली संकेश्वरी मिरची हातानं चुरडा, तिखट मात्र बेतानं, ती काय ब्याडगीसारखी नुसत्या रंगाची नव्हे.

चीज ठोकळ्यातलं मोझरेला घेऊन घरी किसा. तयार किसलेल्याला चिकटू नये म्हणून स्टार्च लावलेला असतो, ते नीट वितळत नाही. पाण्यातलं ताजं मोझरेला असेल तर फाडून फडक्यावर दोन तास निथळत ठेवा, नाहीतर पिझ्झावर तळं.

नेपल्स: ज्याच्यासाठी घरची भट्टी पुरत नाही तो

सगळ्यांचा आजोबा हाच, म्हणून ह्याच्यावर जरा जास्त बोलते. पीठात फक्त मैदा, पाणी, मीठ, यीस्ट. तेल नाही, साखर नाही. लाकडाची घुमटाकार भट्टी, तापमान ४३० ते ४८५ अंशांच्या आसपास, आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदात बाहेर. मधे अगदी पातळ, कडेला फुगलेली गादी, तिला ते कॉर्निचोने म्हणतात, आणि तिच्यावर काळे ठिपके. मऊ एवढा की उचलला की टोक खाली लोंबतं, तिथं लोक काट्यासुरीनं खातात किंवा चार घड्या घालून रस्त्यावर उभं राहून. भाचा बरोबर होता म्हणजे.

१८८९ मध्ये इटलीची राणी मार्गेरीता हिच्यासाठी राफाएले एस्पोझितो नावाच्या पिझ्झावाल्यानं टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीचा तो बेसिल घालून केला, म्हणून मार्गेरीता, अशी गोष्ट सगळीकडं सांगतात. इतिहासवाले तिच्यावर शंका घेतात, असलं टॉपिंग त्याआधीपण होतं म्हणे. पण पुढचं पक्कं आहे: १९८४ मध्ये नेपल्सच्या पिझ्झावाल्यांनी संघटना काढून नियम लिहून काढले, २०१० मध्ये युरोपियन युनियननं त्या पद्धतीला संरक्षण दिलं, आणि २०१७ मध्ये युनेस्कोनं नेपल्सच्या पिझ्झावाल्यांची कला वारशाच्या यादीत घेतली. लक्षात घ्या, यादीत घेतली ती करणाऱ्याची कला. आमच्या मावशीसारख्यांची म्हणा की.

आता घरी का जमत नाही? साखर-तेल नसलेलं पीठ २४० अंशावर ठेवलं तर रंग यायला दहाबारा मिनिटं लागतात, तेवढ्यात आतलं पाणी उडून जातं आणि मऊ पिझ्झाच्या जागी पांढरा टोस्ट हातात येतो. साखर न घालण्याचं कारणच हे की साडेचारशे अंशावर ती जळते.

म्हणून तव्याची युक्ती. मैदा ३०० ग्रॅम, पाणी १८० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, यीस्ट चिमूटभर म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. दहा मिनिटं मळा, दोन गोळे करा, झाकून बाहेर आठदहा तास, उन्हाळ्यात पाचसहा तासात होतं. लाटणं लावायचं नाही. बोटांनी मधनं बाहेर दाबत जायचं म्हणजे हवा कडेला जाते आणि कड फुगते. ओटीजीची वरची कॉइल फुल करून ठेवा. गॅसवर बिडाचा तवा धूर यायला लागेपर्यंत तापवा, बेस टाका, लगेच टोमॅटो, चीज, बेसिल, चमचाभर ऑलिव्ह तेल. दीड-दोन मिनिटात खालनं ठिपके आले की उचलून वरच्या कॉइलखाली सरकवा, तीन मिनिटं. खरा नेपल्सचा होत नाही, पण त्याच्या चुलत भावाएवढा होतो.

एक करू नका. तंदुरी रोटीसारखं तवा गॅसवर पालथा धरून वरनं भाजायचं डोकं शेजारच्या अक्कांनी लढवलं. सगळा टोमॅटो बर्नरवर. दोन दिवस शेगडी पेटत नव्हती.

न्यूयॉर्क: आपल्या प्लेटवर सगळ्यात छान जमतो तो

नेपल्सकडचे लोक अमेरिकेत गेले. तिथलं पहिलं पिझ्झाचं दुकान म्हणून न्यूयॉर्कचं १९०५ चं लोम्बार्डीज धरलं जातं. तिथं लाकडाच्या जागी कोळशाच्या भट्ट्या आल्या, नंतर गॅसच्या डेक ओव्हनमध्ये, म्हणजे सपाट फरशीच्या भट्टीत, पिझ्झा गेला, त्या भट्ट्या कमी तापतात, तीनशेच्या आत बाहेर. वेळ वाढला, मग पिठात थोडं तेल आणि साखर आली, ताज्या मोझरेलाच्या जागी कमी पाण्याचं मोझरेला आलं, आकार १८ इंच झाला आणि तुकडा विकायला लागले. तो तुकडा उभा दुमडून चालत चालत खायचा. खाली कडक पण घडी घातली की मोडायचा नाही, तडा जाईल फार तर.

मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३००, मीठ १०, साखर १०, तेल १०, इन्स्टंट यीस्ट २ ग्रॅम म्हणजे पाऊण चमच्याला थोडं कमी. तेल सोडून सगळं एकत्र करा, वीस मिनिटं झाकून ठेवा, मग तेल घालून आठ मिनिटं मळा. २७५ ग्रॅमचे तीन गोळे, प्रत्येक वेगळ्या डब्यात तेलाचा हात लावून, आणि फ्रीजमध्ये दोन दिवस. हे दोन दिवस चुकवू नका. थंडीत पीठ हळूहळू आंबतं, चव येते आणि रंग पण सुरेख येतो. त्याच दिवशी केला तर बेसला नुसती मैद्याची चव.

खायच्या आधी दीड-दोन तास गोळे बाहेर काढा. प्लेट ओव्हनच्या वरच्या भागात ठेवून पाऊण तास फुलवर तापवा. गोळा ओढून ११ इंच करा, उलट्या केलेल्या सपाट ट्रेवर तांदळाचा रवा भुरभुरून त्यावर ठेवा, सॉस पातळ, चीज १०० ग्रॅम. ट्रे हलवून बघा, पिझ्झा घसरतोय का, घसरत नसला तर कड उचलून आणखी रवा टाका. मग एका झटक्यात प्लेटवर. पहिल्यांदा करणाऱ्याचा अर्धा पिझ्झा दारावर जातो, चालायचंच, फक्त तापलेल्या काचेवर ओलं फडकं लावू नका, काच तडकते. ७ ते ८ मिनिटं. दुसरा टाकायच्या आधी प्लेटला दहा मिनिटं परत तापू द्या, नाहीतर दुसरा कच्चा आणि पाहुणे म्हणणार पहिलाच चांगला होता.

रोम: दादाचा कुरकुरीत, आणि एक कात्रीनं कापायचा

रोममध्ये दोन प्रकार आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. हॉटेलात ताटभर येतो तो गोल तोंदा, पापडासारखा पातळ, कडेला गादी नाहीच. पिठात पाणी कमी, तेल जास्त, आणि इथं लाटणं चालतं. नेपल्सच्या माणसाला लाटणं दाखवलं तर रागावेल, कारण लाटल्यावर हवा निघून जाते, आणि रोमच्या माणसाला तेच हवंय. मैदा २०० ग्रॅम, पाणी ११०, तेल ८, मीठ ४, यीस्ट अर्धा ग्रॅम, रात्रभर फ्रीजमध्ये, दोन गोळे, चपातीपेक्षा थोडा जाड लाटा, काट्यानं टोचा, टॉपिंग एकदम कमी, प्लेटवर ६ मिनिटं. मोडताना आवाज आला पाहिजे. दादानं तीन खाल्ले आणि म्हणाला बघ, मी सांगत होतो न्हवं.

दुसरा आल तालियो. लांब लोखंडी ट्रेमध्ये भाजतात, कात्रीनं कापतात आणि वजनावर विकतात, आपल्याकडं शेव-चिवडा विकतात तसं. ह्याच्या पिठात पाणी ७५-८० टक्के, हाताला चिकटून लोंबतं. आपल्या मैद्यानं ७० च्या वर नेऊ नका. मळायचं नाही, ओल्या हातानं दर अर्ध्या तासानं चारी बाजूनं घड्या घालायच्या, तीनचार वेळा, मग फ्रीज. आतनं जाळी मस्त पडते. पण खरं सांगू का, एवढी मेहनत करायची तर मी त्याच ट्रेमध्ये डेट्रॉइट करते.

डेट्रॉइट: कारखान्याच्या ट्रेमधला

हा माझा लाडका, त्यामुळं पक्षपात होणार. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचं गाव. १९४६ मध्ये तिथल्या बडीज नावाच्या बारमध्ये गस ग्वेरा ह्यांनी चौकोनी पिझ्झा सुरू केला, तो निळसर पोलादी ट्रेमध्ये, जे ट्रे गाड्यांच्या कारखान्यात बारीकसारीक पार्ट ठेवायला वापरायचे. उंच कडा, जाड पत्रा, काळपट रंग. ते पोलाद बाजूनं पण पिठाला भाजतं, म्हणून चीज पार कडेपर्यंत पसरलं की पत्र्याला लागून तळल्यासारखं होतं आणि चारी बाजूनं काळसर तपकिरी कुरकुरीत जाळी तयार होते. सगळी मजा त्या कडेत, आमच्याकडं कोपऱ्याच्या तुकड्यावरनं भांडणं होतात. उद्यमबागेत काम करणाऱ्या दादाला हे सांगितलं तेव्हा त्याला पहिल्यांदा पिझ्झाबद्दल आदर वाटला.

आणि ह्याला पाचशे अंशाची भट्टी लागत नाही, २४० वर होतो. म्हणजे ज्यांच्याकडं प्लेट नाही, थर्मामीटर नाही, त्यांनी इथनंच सुरुवात करा.

८ इंची चौकोनी केकचा टिन घ्या, काळपट असला तर उत्तम, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा असला तर दोनतीन मिनिटं जास्त लागतील. मैदा १८० ग्रॅम, पाणी १२५, मीठ ४, यीस्ट दीड ग्रॅम म्हणजे अर्धा चमचा. चमच्यानंच कालवा, चिकट असतं, दर पंधरा मिनिटांनी ओल्या हातानं तीनदा घडी. टिनला दोन चमचे तेल लावून पीठ ओता आणि बोटांनी कोपऱ्यात न्या. ते परत मागं येतं, हट्ट करू नका, वीस मिनिटं झाकून ठेवा आणि परत दाबा, मग ऐकतं. दुप्पट फुगेपर्यंत ठेवा, दोन तास धरा.

तिथं अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्याचं ब्रिक नावाचं चीज घालतात, ते आपल्याकडं कुठलं. मी १३० ग्रॅम मोझरेला आणि ७० ग्रॅम चेडार बारीक तुकडे करून मिसळते, चेडार नसलं तर साधं क्यूबचं, पण पाव भागापेक्षा जास्त नको, ते वितळायच्या ऐवजी वाळतं. चीज आधी, थेट पिठावर, आणि कडेला मुद्दाम जास्त, पत्र्याला चिकटेल असं. सगळ्यात खालच्या खणात १३ ते १५ मिनिटं. सॉस शेवटी वरनं, गरम, दोन-तीन पट्ट्या ओढायच्या. सॉस खाली घातला तर एवढ्या जाड ओल्या पिठाची वरची बाजू कच्ची राहते. बाहेर काढलं की उलथन्यानं कडा सोडवा आणि लगेच जाळीवर काढा, टिनमध्ये ठेवला तर वाफेनं खालचा भाग मऊ पडतो आणि सगळी मेहनत वाया.

आईला तिच्या बेकरीच्या पिझ्झाच्या सगळ्यात जवळचा हाच वाटला. मला हसू आलं, पण विचार केला तर बरोबर आहे, बेकरीतपण पावाचीच भट्टी आणि पावाचेच ट्रे, त्यातनं दुसरं काय निघणार.

शिकागो, आणि बाकीचे धावतपळत

शिकागोचा डीप डिश १९४३ मध्ये पिझ्झेरिया उनोमध्ये सुरू झाला. गोल खोल टिन, तेल-लोणी घातलेलं पीठ कडांवर चढवायचं, तळाला चीज, मग सारण, सगळ्यात वर टोमॅटो. उलटं का? कारण हा ३० ते ४० मिनिटं भाजतो, चीज वर असतं तर कोळसा झालं असतं. ९ इंची टिनला मैदा २२० ग्रॅम, पाणी ११५, तेल किंवा लोणी ४० ग्रॅम, मीठ ४, यीस्ट २, आणि २१५-२२० अंश. टोमॅटो घट्ट पाहिजे नाहीतर रस्सा होतो. पोट एका तुकड्यात भरतं. माझ्या मते हा पिझ्झापेक्षा इंग्रजी 'पाय' (pie), म्हणजे सारण भरून भाजलेला प्रकार, जास्त. खुद्द शिकागोत दुसरा एक पातळ, खारीसारखा खुसखुशीत, चौकोनी तुकडे केलेला टॅव्हर्न स्टाइल असतो, मला विचाराल तर तो करा, रोमचंच पीठ वापरून.

अमेरिकेतल्याच न्यू हेवनमध्ये फ्रँक पेपे ह्यांनी १९२५ मध्ये सुरू केलेलं दुकान आहे, कोळशाची भट्टी, वेडावाकडा लांबट आकार, कडा करपलेल्या, तिथं त्याला अबीत्स म्हणतात आणि शिंपल्यांचा पांढरा पिझ्झा प्रसिद्ध. सिसिलीत स्फिंचोने, जाड मऊ, वर कांदा, अँचोव्ही मासे आणि ब्रेडचा चुरा. आणि अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरेसमध्ये फुगाझेटा, मधे चीज आणि वर नुसता कांद्याचा ढीग. कांदा स्वस्त झाला की तो एकदा करायचाय मला.

सगळे एकाच दिवशी खायचे असतील तर

शुक्रवारी रात्री न्यूयॉर्कचं पीठ मळून फ्रीजमध्ये. शनिवारी रात्री रोमचं. रविवारी सकाळी आठला नेपल्सचं मळून बाहेर. दुपारी तीनला डेट्रॉइटचं, आणि टोमॅटो, चीज ह्याच वेळी उरकून घ्या. साडेचारला फ्रीजमधले गोळे बाहेर. पहिला डेट्रॉइट भाजा साडेसहाला, प्लेट आत असू दे, टिन तिच्यावरच ठेवा म्हणजे प्लेटपण तापत राहते. मग रोम, मग न्यूयॉर्क. नेपल्स एकदम शेवटी, तो थांबत नाही, पाच मिनिटात चामडं होतो, म्हणून सगळे पाटावर बसल्यावरच तवा तापवायचा. शिकागो ह्या दिवशी नको, ओव्हन अडकून पडतं. आणि लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आमच्याकडं न्यूयॉर्क आत असतानाच गेली, पण प्लेट एवढी तापलेली की दार न उघडता ठेवला तर तसाच भाजून निघाला.

सगळ्यांवर टॉपिंग एकच ठेवा, टोमॅटो आणि चीज, बास. एकावर पनीर टिक्का आणि दुसऱ्यावर कॉर्न घातलं तर तुलना पनीर आणि कॉर्नची होते. तुकडा हातात घेतला की आधी उलटा करून खालचा रंग बघा. मग टोक धरून सोडा, लोंबतं की ताठ राहतं. मग मोडा आणि आवाज ऐका. आतली जाळी बघा. नुसती कड सॉसशिवाय खा, पिठाची चव तिथंच कळते. आणि प्रत्येकातला एक तुकडा बाजूला ठेवून पंधरा मिनिटांनी परत खा, इथं क्रम उलटापालटा होतो: गरम असताना नेपल्सला सगळ्यांनी पहिला नंबर दिलेला, गार झाल्यावर डेट्रॉइट आणि न्यूयॉर्क पुढं आले. ऑफिसच्या डब्याला कुठला द्यायचा ते असं ठरतं.

उरला तर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, रबर होतो. बिडाचा तवा मंद आचेवर, तुकडा ठेवा, दोन मिनिटांनी तव्याच्या कडेला दोन थेंब पाणी आणि वर झाकण, एक मिनिट. खाली कडक, वर चीज मऊ. आमच्याकडं सोमवारी सकाळी ह्याच्यावर चहा असतो, आणि आई अजून त्यावर बाटलीतला केचप ओतते.